विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील किरणोत्सारी स्रोत कसे सांभाळावेत

प्रयोगशाळेतील किरणोत्सार सुरक्षेचे काम अंगावर आले की बहुतेक प्राध्यापक आधी शिशाच्या विटा आणि सर्व्हे मीटर (किरणोत्सार मोजणारे उपकरण) यांची दरपत्रके मागवतात. माझा सल्ला असा की, त्याआधी दोन दिवस बाजूला काढून विभागातले प्रत्येक कपाट, प्रत्येक फ्रीज आणि जिन्याखालची अडगळ उघडून पाहावी. वापरात असलेल्या स्रोताकडे चार माणसांचे लक्ष असते. विसरलेल्या स्रोताकडे कोणाचेच नसते, आणि अपघात तिथूनच सुरू होतात.

२०१० साली दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात जे घडले ते प्रत्येक विभागप्रमुखाला ठाऊक असायला हवे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, १९८५ पासून वापरात नसलेले एक गॅमा विकिरण यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य (तीव्रता निम्मी होण्यास लागणारा काळ) सुमारे ५.२७ वर्षे, म्हणजे नुसत्या पडून राहण्याच्या २५ वर्षांत त्याची तीव्रता सत्ताविसाव्या हिश्शाच्या आसपास उतरली होती. तरीही यंत्र तोडल्यावर अनेक जण होरपळले आणि एकाचा जीव गेला. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत शिळफाटा, महापे, मुंब्रा या पट्ट्यात भंगाराची गोदामे ओळीने उभी आहेत आणि महाविद्यालयांचे जुने सामान तिकडेच जाते, म्हणून हे उदाहरण मला दूरचे वाटत नाही.

गणती कशी करावी

शोधायचे काय, हे आधी ठरवावे. भौतिकशास्त्रात किरणोत्सार मोजण्याच्या गायगर-म्यूलर प्रयोगाचे छोटे सीलबंद स्रोत असतात: सीझियम-१३७, कोबाल्ट-६०, स्ट्रॉन्शियम-९०, क्वचित अमेरिशियम-२४१. रसायनशास्त्रातील गॅस क्रोमॅटोग्राफला इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर जोडलेला असेल, तर त्यात बहुधा निकेल-६३ असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १०० वर्षे आहे. यंत्र बाद झाले तरी डिटेक्टर बाद होत नाही. जीवशास्त्रात फॉस्फरस-३२, कार्बन-१४, ट्रिटियम यांच्या कुप्या फ्रीजरच्या तळाशी सापडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीसाठी वापरले जाणारे युरेनिल ॲसिटेट आणि जुन्या साठ्यातले थोरियम नायट्रेट ही तर साधी रसायने समजून कपाटात ठेवलेली असतात. ठाण्यातील एका महाविद्यालयात कपाट आवरताना आम्हाला पिवळसर क्षाराच्या दोन बाटल्या मिळाल्या. दमट हवेने त्यांची लेबले गळून गेली होती आणि त्या युरेनिल नायट्रेटच्या आहेत हे केवळ एका ज्येष्ठ प्रयोगशाळा परिचराच्या स्मरणामुळे कळले. ते दोन वर्षांनी निवृत्त होणार होते.

सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वेगळ्या वहीत करावी: समस्थानिक (म्हणजे सीझियम-१३७ की कोबाल्ट-६०), क्रमांक, मूळ तीव्रता आणि तिची तारीख, आजची अंदाजे तीव्रता, नेमकी जागा, जबाबदार व्यक्ती. हीच नोंद जडसंग्रह नोंदवहीत लाल शाईने करावी, कारण निर्लेखनाच्या, म्हणजे जुने सामान नोंदीतून काढून टाकण्याच्या, वेळी लेखा विभाग तीच वही उघडतो. कोणत्याही उपकरणाच्या निर्लेखनाच्या अर्जावर किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याची सही असल्याखेरीज भंगाराचा टेम्पो फाटकाबाहेर जाऊ नये, असा लेखी आदेश प्राचार्यांकडून वा कुलसचिवांकडून काढून घ्यावा. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेत याहून मोलाचा कागद नाही.

परवानगी आणि माणसे

देशातील नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, करते. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे कार्यालय अणुशक्तीनगरला, म्हणजे वाशीची खाडी ओलांडली की लगेच पलीकडे आहे. अर्ज मात्र ई-लोरा या संकेतस्थळावरूनच करायचे असतात. स्रोत मागवण्याआधी संस्थेची नोंदणी, सुरक्षा अधिकाऱ्याची मान्यता आणि खरेदीची परवानगी हा क्रम पाळावा. स्रोत व रेडिओरसायने पुरवणाऱ्या ‘ब्रिट’चे (विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे) संकुल वाशीत आहे, त्यामुळे नेरूळ-बेलापूरच्या संस्थांना जवळच तर आहे, आपणच जाऊन घेऊन येऊ, असा मोह होतो. तो टाळावा. किरणोत्सारी पदार्थाच्या वेष्टनाला आणि वाहतुकीला स्वतंत्र नियम आहेत. रिक्षात वा लोकलमध्ये पिशवीतून असा माल नेणे हा गुन्हा तर आहेच, पण शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशावर तो अन्याय आहे.

मात्रेच्या, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या, मर्यादा भिंतीवर मराठीत लावाव्यात. किरणोत्साराशी काम करणाऱ्या व्यक्तीसाठी सलग पाच वर्षांची सरासरी दरवर्षी २० मिलिसीव्हर्ट (मात्रेचे एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. सर्वसामान्य व्यक्तीसाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. शेजारच्या खोलीतील लिपिक, सफाई कर्मचारी आणि प्रयोगाशी संबंध नसलेला विद्यार्थी हे या दुसऱ्या गटात मोडतात. विद्यार्थिनी वा महिला सहकारी गरोदर असेल तर तिने ते लवकर सांगावे आणि सांगितल्यामुळे तिच्या संशोधनाचे नुकसान होऊ नये, याची हमी मार्गदर्शकाने आधीच द्यावी.

टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला) छातीवर लावावा आणि शिशाचा ॲप्रन असेल तर त्याच्या आत. या बॅजमधील चकत्या किरणोत्साराची ऊर्जा साठवतात आणि तापवल्यावर ती प्रकाशरूपाने सोडतात, त्यामुळे तो मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवला तर वाचनावर भरवसा ठेवता येत नाही. एकाचा बॅज दुसऱ्याने लावू नये. तुलनेसाठी दिलेला कंट्रोल बॅज स्रोतांपासून दूर, ऑफिसच्या कपाटात असावा. तो स्रोताच्याच खोलीत टांगलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे.

प्रत्यक्ष काम

वेळ, अंतर आणि आड हे तीन उपाय सर्वांना पाठ असतात, पण आड कशाची हे समस्थानिकावर ठरते. फॉस्फरस-३२ च्या बीटा कणांसाठी सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे ॲक्रिलिक लावावे. त्याऐवजी थेट शिसे लावले तर कण त्यात अडताना क्ष-किरण निर्माण होतात. गॅमा स्रोताला मात्र शिसेच हवे. अंतर दुप्पट केले की मात्रेचा दर चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून स्रोत बोटांनी न उचलता लांब चिमट्याने उचलावा. नवा प्रयोग प्रथम रंगीत पाण्यावर पूर्ण करून पाहावा; हात सरावला की वेळ आपोआप कमी होतो आणि पाणी कुठे सांडते तेही दिसते.

ट्रिटियमची गोष्ट वेगळी आहे. त्याचे बीटा कण इतके दुबळे असतात की गायगर मीटर गप्पच राहतो, आणि मीटर गप्प म्हणजे जागा स्वच्छ असा समज होतो. तिथे ओल्या फिल्टर पेपरने पृष्ठभाग पुसून तो असे दुबळे कणही मोजणाऱ्या लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजावा.

काही सांडलेच तर आधी आजूबाजूच्यांना मोठ्याने सांगावे, शोषक कागद टाकावा आणि बाहेरून आत असे पुसत यावे. बूट आणि हात मोजल्याशिवाय कोणीही खोली सोडू नये. त्वचेवर उडाले तर कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. घासून कातडी सोलली तर पदार्थ आत जातो.

कचरा, पावसाळा आणि हस्तांतर

अल्पायुषी कचरा समस्थानिकानुसार वेगळा साठवावा. दहा अर्धायुष्यांनंतर मूळ तीव्रतेचा हजारावा भाग उरतो. फॉस्फरस-३२ साठी हा काळ १४३ दिवसांचा आहे. त्यानंतरही मीटरने तपासून, परवान्याच्या अटी पाहून आणि पिशवीवरील किरणोत्साराचे त्रिपत्री चिन्ह खोडूनच ती महापालिकेच्या घंटागाडीत जावी. चिन्ह तसेच राहिले तर उगाच घबराट होते आणि पुढे खऱ्या चिन्हाकडेही लोक दुर्लक्ष करतात. सीलबंद स्रोत कधीही कचऱ्यात टाकू नये. तो मंडळाच्या परवानगीने पुरवठादाराकडे किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच परत जातो.

आपल्या भागात साठवणीची खोली तळमजल्यावर नसलेली बरी. २६ जुलै २००५ चे पाणी ज्यांनी पाहिले त्यांना कारण सांगावे लागणार नाही. दरवर्षी मे अखेरीस लोखंडी कपाटाचा गंज, कुलूप आणि लेबले तपासावीत, आणि लेबल कागदी न ठेवता धातूच्या पट्टीवर कोरून बांधावे.

प्रत्येक सत्राच्या आरंभी वही हातात घेऊन गणती करावी आणि एकही स्रोत कमी आढळला तर त्याच दिवशी सुरक्षा अधिकारी, संस्थाप्रमुख आणि एईआरबी यांना कळवावे. स्रोतांची जबाबदारी असलेली व्यक्ती निवृत्त होत असेल किंवा तिची बदली होत असेल, तर तिची ना-हरकत थांबवून ठेवावी. तिने आणि नव्या व्यक्तीने एकत्र कपाट उघडून, प्रत्येक स्रोत मीटरने तपासून, वहीत एकमेकांसमोर सह्या केल्यानंतरच किल्ली दुसऱ्या हातात जावी.