इंदुरात राहून सर जॉन माल्कमचा अभ्यास करायचा असेल तर

होळकरशाहीवर काम करायला निघालेल्या विद्यार्थ्याची दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी सर जॉन माल्कम याच्याशी गाठ पडते. मग लघुप्रबंधाचा विषय म्हणून थेट त्याचेच चरित्र घ्यावेसे वाटते. विषय उत्तम आहे, पण सगळे आयुष्य घेऊ नका. १७६९ साली स्कॉटलंडमध्ये जन्म, कोवळ्या वयात कंपनीच्या मद्रास फौजेत भरती, १७९२ची श्रीरंगपट्टणची मोहीम, फारसीचा अभ्यास, इराणमधल्या वकिलाती, १८३३ साली लंडनला मृत्यू. एवढे एका पानात उरकावे. इंदूरच्या विद्यार्थ्याने खरा वेळ द्यावा तो दोन कालखंडांना: १८१८ ते १८२१ माळव्यात, आणि १८२७ ते १८३० मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदी.

पहिली खूणगाठ हीच, की माल्कम माळव्याचा गव्हर्नर कधीच नव्हता. इथे त्याच्याकडे लष्करी आणि राजकीय कारभार होता. मुंबईची गादी त्याला १८१९मध्येच हवी होती, पण ती एल्फिन्स्टनला मिळाली. माल्कमने तिथला पदभार घेतला तो १ नोव्हेंबर १८२७ला. दुसरी खूणगाठ महिदपुराची. होळकरांविरुद्धच्या २१ डिसेंबर १८१७च्या त्या लढाईत इंग्रजांचा सरसेनापती सर टॉमस हिस्लॉप होता, माल्कम त्याच्या हाताखाली ब्रिगेडियर जनरल होता. तोंडी परीक्षेत हे दोन प्रश्न हमखास येतात.

आता मुख्य अडचण. माळव्याबद्दल आपण जे वाचतो त्यातले पुष्कळसे माल्कमनेच लिहिलेले आहे. सरकारला दिलेला त्याचा अहवाल १८२२मध्ये कोलकात्यात छापला गेला आणि त्याच सामग्रीतून १८२३चा ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’ हा दोन खंडांचा ग्रंथ लंडनहून निघाला. म्हणजे ज्याचे चरित्र लिहायचे तोच आपला मुख्य साक्षीदार. अहिल्यादेवींवरचे त्याचे प्रकरण घ्या. त्यांचा मृत्यू १७९५चा, आणि माल्कम इथे माहिती गोळा करू लागला तो बावीस-तेवीस वर्षांनी, त्यांच्या पदरी राहिलेल्या माणसांच्या तोंडून. त्यातला आदर खरा आहे, पण तारखा आणि आकडे तिथून जसेच्या तसे उचलू नयेत. होळकरांच्या कागदांत पडताळा मिळाला तरच घ्यावेत, नाहीतर ‘माल्कमच्या म्हणण्यानुसार’ असे स्पष्ट लिहावे.

म्हणून सुरुवात ग्रंथापासून न करता तहनाम्यापासून करा. होळकर आणि कंपनी यांच्यातला ६ जानेवारी १८१८चा मंदसोरचा तह कलमवार वाचा. गादीवरचे मल्हारराव होळकर तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते आणि होळकरांतर्फे बोलणी तात्या जोगांनी केली. खानदेश आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरचे हक्क सुटले, अमीरखान आणि गफूरखान या पठाण सरदारांच्या जहागिरी मान्य झाल्या. प्रत्येक कलमासमोर वहीत दोन रकाने करा: होळकरांचे काय गेले, आणि माल्कमवर कोणती जबाबदारी आली. पुढच्या तीन वर्षांतली त्याची बहुतेक धावपळ या दुसऱ्या रकान्यातून उलगडते.

दुसऱ्या बाजीरावाचे प्रकरण मराठी वाचकाला टोचते आणि तिथेच प्रबंध भावनेच्या भरात वाहून जातात. ३ जून १८१८ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांचा तनखा ठरला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. इथे तीन कागद वेगळे ठेवून वाचायचे असतात: बाजीरावाला दिलेल्या अटी, माल्कमचा कोलकात्याला गेलेला खुलासा आणि तिकडून आलेले उत्तर. माल्कमचे म्हणणे असे, की पावसाळा तोंडावर होता, असीरगड जवळ होता, आणि तिथला शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड बाजीरावाला आत घेईल ही भीती होती. हे पटवून घेण्याआधी पुढचे वर्ष पाहा. असीरगड कंपनीला एप्रिल १८१९मध्ये वेढा घालूनच घ्यावा लागला. त्याच्या भीतीला इथे बाहेरून पुरावा मिळतो, आणि असा पुरावा मिळेपर्यंत कोणत्याही बाजूने निकाल देऊ नये.

हा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, परराष्ट्र खात्याच्या कागदांत आहे. नवख्यांची एक चूक इथे नेहमी होते. ‘कन्सल्टेशन’वर, म्हणजे कौन्सिलच्या कामकाजाच्या नोंदीवर, जी तारीख असते ती कोलकात्याच्या कौन्सिलपुढे कागद आल्याची असते. पत्र त्याच्या कितीतरी दिवस आधी छावणीतून निघालेले असते. दोन्ही तारखा टिपल्या नाहीत तर घटनाक्रम उलटा होतो.

मोडी कागदांत वेगळी दक्षता लागते. इसवी सन काढायला सुहूर सनात (मराठी दप्तरांतल्या अरबी कालगणनेत) जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंत ६००, कारण ते वर्ष मृगाला बदलते. शकात पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८, नंतर पाडव्यापर्यंत ७९. मंदसोरचा तह शके १७३९चा, पण त्यात ७८ मिळवून पूर्ण एक वर्ष चुकवणारे अनेक असतात. मोडी येत नसेल तर आधी ती शिका. रोज तासभर बसलात तर तीन-चार महिन्यांत सरकारी वळणाचे अक्षर लागू लागते. घरगुती पत्रांना जास्त वेळ लागतो. दिल्ली-मुंबईला जाण्याआधी सीतामऊचे नटनागर शोध संस्थान जरूर पाहा. मंदसोर जिल्ह्यातच आहे आणि माळव्यासाठी त्याला तोड नाही.

मुंबईच्या कालखंडासाठी काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेख. विद्यापीठाचे पत्र आणि ओळखपत्र सोबत न्या, खाते आणि वर्ष आधी ठरवून जा. ‘माल्कमचे सगळे द्या’ अशा मागणीला तिथे अर्थ नसतो. विषय भरपूर आहेत: खर्चकपात, महाबळेश्वरची माल्कमपेठ, १८३०मध्ये खुला झालेला बोरघाटाचा गाडीरस्ता. सगळ्यांत सकस मात्र मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाशी झालेला झगडा. पुण्याच्या सरदार-घराण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला हजर करण्याचा हुकूम न्यायाधीश ग्रँटने काढला, सरकारने तो मानला नाही, आणि अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (अपिलांचा शेवटचा निवाडा तिथे होई) कोर्टाच्या विरुद्ध मत दिले. जुन्या सरदार-घराण्यांच्या कारभारात हात घालू नये हे माल्कमचे मत माळव्यात तयार झाले होते, ते इथे हट्टाला पेटलेले दिसते.

दोन्ही कालखंड जोडायला सोपी वाट आहे. माळवा सोडताना त्याने हाताखालच्या अधिकाऱ्यांना दिलेल्या १८२१च्या सूचना त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात परिशिष्टात आहेत. मुंबई सोडताना लिहिलेले, स्वतःच्या कारभाराचे टिपण ३० नोव्हेंबर १८३०चे आहे. दोन्ही शेजारी ठेवा आणि जहागीरदार, न्यायदान, गावचे पाटील, खर्च अशा मुद्द्यांवर ओळीने ताडून पाहा. प्रबंधाचे निदान एक प्रकरण यातूनच उभे राहते, आणि मार्गदर्शकाकडे पहिला आराखडा नेताना तेच आधी लिहून न्यावे.