कोकरांचा कोपरा: आधी स्वतः बसून बघा

गोठा उभ्यानं बघू नका. सकाळी दार उघडल्या उघडल्या कोकरांच्या कोपऱ्यात गुडघे टेकून मिनिटभर बसा. गुडघा ओला झाला, तर कोकरू रात्रभर ओल्यातच झोपलंय. डोळे चुरचुरले, तर मुताचा वास कोंडलाय. तोच वास त्यांच्या छातीत जातो आणि मग खोकला, न्यूमोनिया. उभ्या माणसाच्या नाकाला हे कळतच नाही.

ओली जागा खरवडून काढा, चुना भुरभुरा, वर कोरडं काड किंवा भुसा चांगला जाड पसरा. थंडीत पोती लावायची ती खाली, कोकराच्या उंचीपर्यंतच. वरची हवा मोकळी राहू द्या. आपल्याकडं नेमकं उलटं होतं, सगळा गोठा ताडपत्रीनं गच्च बांधतात!

दर कोकराला 4-5 चौरस फूट जागा द्या. मोठ्या मेंढ्या शिरू नयेत, म्हणून आडव्या बांबूत कोकरू निघेल एवढीच फट ठेवा. आत बारीक चारा, स्वच्छ पाणी. जन्मलेल्याची नाळ आयोडीनमध्ये बुडवा, तासाभरात चीक पाजा. डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, कोंडत असाल तर एका डालग्यात दोनच, आणि उन्हात ठेवू नका.