गोल्डविंगला फोन आणि हेल्मेटमधला हेडसेट जोडताना

हेडसेट फोनला जोडू नका, गाडीला जोडा. फोन मात्र गाडीला केबलनेच जोडा. ही एक गोष्ट उमगायला माझे दोन रविवार गेले, म्हणून सविस्तर लिहितोय. मी न्यू जर्सीत राहतो, गाडी म्हणजे 2018 ची होंडा गोल्डविंग टूर ही मोटरसायकल, आणि मागे बहुतेक वेळा बायको असते.

या गाडीला स्वतःचा माइक नाही. कारप्लेला (आयफोनमधले नकाशे, गाणी, फोन गाडीच्या पडद्यावर आणणारी ॲपलची सोय) तर बोलून आज्ञा द्यायला माइक हवाच. त्यामुळे हेडसेट गाडीला जोडलेला नसेल, तर फोन केबलला लावूनही कारप्ले उघडत नाही. मी केबलला दोष देत बसलो, दोन नव्या आणल्या. माझा हेडसेट आधीपासून फोनशी जोडलेला होता. चालू केला की तो थेट फोनला जाऊन चिकटायचा आणि गाडी त्याला शोधत राहायची.

म्हणून आधी जुनं पुसा. फोनच्या ब्लूटूथ यादीतून हेडसेट काढून टाका, हेडसेटमधल्या जुन्या जोडण्याही पुसा (प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्याच्या पुस्तिकेत असते).

आता गाडी स्टँडवर आणि न्यूट्रलला ठेवा. या गाडीचा पडदा बोटाने चालत नाही, मधलं गोल चाक फिरवत सेटिंगमधल्या ब्लूटूथपर्यंत जायचं. हेडसेट पेअरिंगला, म्हणजे नवी जोडणी शोधायच्या स्थितीत, टाका. बहुतेकांचा दिवा लाल-निळा असा आळीपाळीने लुकलुकायला लागतो. पडद्यावर नाव आलं की निवडा. त्या वेळी मागच्या माणसाचा हेडसेट बंदच हवा. आमचे दोन्ही एकाच मॉडेलचे, यादीत नावं हुबेहूब सारखी. पहिल्यांदा मी तिचाच माझ्या नावावर जोडला होता. तुमचा झाला की मग तिचा, मागच्या सीटचा म्हणून वेगळा जोडा.

मग फोन. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने काही होत नाही. आयफोन असेल तर लॉक असतानाही कारप्ले चालू देण्याची परवानगी आधीच द्या, कारण फोन गाडीच्या पुढच्या डब्यात गेला की पुन्हा हातात येत नाही. अँड्रॉइडवाल्यांनी एक बघा: अँड्रॉइड ऑटो (कारप्लेसारखीच अँड्रॉइड फोनची सोय) या गाड्यांना 2020 मध्ये सॉफ्टवेअर अपडेटने मिळालं. जुनी गाडी घेतली असेल तर अपडेट झालंय का ते आधी तपासा.

रोजचा क्रम माझा ठरलेला आहे. आधी हेल्मेटमधला हेडसेट चालू, मग गाडी, पडद्यावर हेडसेटचं चिन्ह दिसेपर्यंत थांबायचं, आणि शेवटी फोनला केबल. घाई केली की हमखास पुन्हा सगळं बंद करून सुरुवात करावी लागते.

फोन हँडलवर लावू नका. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलने 2021 मध्ये स्वतःच सांगितलं आहे. सहा सिलिंडरचं इंजिन मऊ चालतं हे खरं, तरी मी फोन चष्मा पुसायच्या कापडात गुंडाळून पुढच्या डब्यात ठेवतो. झाकणात केबल चिमटत नाही ना, तेवढं बघतो.

आवाज बारीक येत असेल तर व्हॉल्यूम वाढवण्याआधी हेल्मेट काढा. स्पीकर कानाच्या भोकासमोर नेमका यायला हवा. बोटभर मागे सरकला तरी हायवेवर काही ऐकू येत नाही. मी हेल्मेट घालून आरशासमोर उभा राहिलो, कान कुठे टेकतो ते बोटाने चाचपलं आणि चिकटपट्टी उपटून स्पीकर पुन्हा बसवला. माइक ओठांच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकलेला हवा, त्यावरचा स्पंज काढू नका.

लांब जाणार असाल तर नकाशा घरूनच उतरवून घ्या. व्हर्जिनियातल्या स्कायलाइन ड्राइव्हवर, 105 मैलांच्या त्या रस्त्यावर, फोनला बराच वेळ रेंज नसते. आम्ही गेलो तेव्हा गाणी मी बंदच ठेवली. तिथे वेगमर्यादा ताशी 35 मैल, वाराही कमी, आणि मागून ती हळू म्हणाली, "डावीकडे बघ, हरणं," तेही स्पष्ट ऐकू आलं.