मायक्रोवेव्हमध्ये चिकन-भाजी करताय? मग या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागेत नाहीतर मिरजेत रूम करून राहणाऱ्या पोरापोरींकडं गॅस नसला तरी कुणाचा तरी जुना मायक्रोवेव्ह असतोच, आणि रोज मेसचं तेलकट खाण्यापेक्षा चिकन, गाजर, फ्लॉवर, सिमला मिरची एका भांड्यात टाकली की तासाभराच्या आत जेवण तयार. पण तक्रार सगळ्यांची एकच, चिकन वरून चामडं आणि आत कच्चं.

मायक्रोवेव्ह आतून शिजवतो असं लोक बिनधास्त सांगतात, तसं काही नसतंय. लहरी मांसात दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात, तिथून पुढं उष्णता आपली हळूहळू आत सरकते. म्हणून हाडासकट लेगपीस नकोच. चिकनवाल्याला बोनलेस, इंचभराचे सारखे तुकडे मागायचे, तो घाईत चार जाडे करतोच, ते घरी आणून परत कापा. भांडं पसरट घ्या, तुकडे कडेकडेनं लावा, मधे ढीग करू नका कारण मधलं कायम मागं राहतं.

३०० ग्रॅम चिकनला दोन चमचे दही, आलं-लसूण, हळद, मीठ, चमचाभर तेल आणि कांदा-लसूण मसाला लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मग झाकण जरा तिरकं ठेवून हायवर ४ मिनिटं, बाहेर काढून खालवर करा, भाज्या घाला, परत ४ मिनिटं. गाजर कडक असतंय, ते पातळ कापून चिकनबरोबरच टाका. एकदम १० मिनिटं लावून मोबाईल बघत बसणं हीच सगळ्यात मोठी चूक, मधे ढवळल्याशिवाय ते सारखं शिजत नाही. आणि बीप वाजली की लगेच ताटात घ्यायचं नाही, झाकण ठेवून ४-५ मिनिटं मुरू द्या, तेवढ्यात आतली उष्णता सगळीकडं पसरते.

हा टाइम साधारण ८०० वॉटच्या मशीनचा आहे. तुमचं ७०० चं असेल तर मिनिट-दीड मिनिट जास्त लागणार, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की साध्या मशीनची ताकद पण पडते, तेव्हा रेसिपीतल्या मिनिटांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

शिजलं का ते रंगावरून ओळखायचं म्हणाल तर आपल्याकडं ते जमतच नाही, हळद आणि कांदा-लसूण मसाल्यानं कच्चं चिकनसुद्धा लालभडक दिसतंय. सगळ्यात जाड तुकडा मधोमध तोडून बघा, आत काचेसारखं चकाकत असेल तर परत मिनिटभर लावा. किचन थर्मामीटर असेल तर लय बरं, मधे ७४ अंश दाखवलं म्हणजे झालं.

कलेजी-पोटा त्यात टाकू नका. कलेजीच्या पातळ पडद्यात वाफ कोंडते आणि ती फटाफट फुटते, मग मशीनची भिंत पुसत बसा. अख्खी मिरची टाकायची तर तिला पण चीर द्या. भाजीबरोबर कोरेगावचा वाघ्या घेवडा, म्हणजे राजम्यासारखं कडधान्य, घालायची आयडिया चांगली आहे, पण नुसता भिजवून नाही हं, आधी कुकरला पूर्ण शिजवून घ्या, कच्च्या घेवड्यानं उलट्या-जुलाब होतात.

भांडं काचेचं, मायक्रोवेव्हला चालणारं घ्या. सोनेरी काठाच्या बश्या आणि स्टीलचे डबे आत नकोतच. तेल आणि टोमॅटोचा रस्सा असला की साध्या प्लॅस्टिकवर खड्डे पडतात, शिवाय सांगलीची हळद एकदा प्लॅस्टिकला बसली की निघायचं नाव नाही.

फ्रीझरमधलं चिकन थेट हायवर लावलं तर कडा शिजतात आणि मधे बर्फ तसाच राहतो. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा, आणि मशीनमध्येच डिफ्रॉस्ट केलं तर लगेच शिजवा. अर्धवट शिजवून बाकीचं संध्याकाळी करू असं कधीच करायचं नाही. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, मे महिन्यात तर तासाभरातच.