हप्ते थकलेल्या मालकाचे घर भाड्याने घेताना

घर भाड्याने देताना मालक भाडेकरूची पगारपत्रके पाहतो, नोकरीची चौकशी करतो, प्रसंगी त्याच्या आधीच्या घरमालकालाही विचारतो; भाडेकरूने मालकाच्या ऐपतीची चौकशी करावी ही कल्पना मात्र दोघांनाही चमत्कारिक वाटते. वास्तविक चौकशीची गरज भाडेकरूलाच अधिक असते. अनामत रक्कम हातातून गेली की तो मालकाचा धनको होतो, आणि तोही कोणतेही तारण न घेतलेला. शिवाय ज्या घरात तो संसार मांडतो त्या घरावर त्याच्याआधी दुसऱ्या कोणाचा हक्क असू शकतो. अडकलेला पैसा आणि आधीचा हक्क या दोन गोष्टींतूनच पुढचे जवळजवळ सगळे धोके निघतात.

घरावर कर्ज आहे एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही, कारण आलेल्या भाड्यातून हप्ता भरणे हा अनेक मालकांचा सरळ आणि प्रामाणिक हिशेब असतो. प्रश्न निर्माण होतो तो हप्ते थकल्यावर. भारतात हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की बँक ते खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्जाचे, ठरवते, आणि त्यानंतर थकीत कर्जांच्या वसुलीसाठी असलेल्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी न्यायालयात दावा न लावताही, घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. पहिला हप्ता चुकल्यापासून दारावर कागद चिकटेपर्यंत अशा प्रकारे कित्येक महिने जातात. त्या काळात मालक भाडे नियमित घेत राहतो आणि नोटिसा त्याच्याच नावावर जात असल्यामुळे भाडेकरूला कशाचाही पत्ता नसतो.

तारखांचा क्रम

घर आधी गहाण पडले की आधी भाड्याने गेले, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. सर्वसाधारणपणे गहाण आधीचे असेल तर धनकोचा, म्हणजे येथे कर्ज देणाऱ्या बँकेचा, हक्क वरचढ ठरतो आणि नंतर आलेल्या भाडेकरूला मिळणारे संरक्षण त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून राहते. अमेरिकेत २००९ साली झालेला आणि २०१८ मध्ये कायमस्वरूपी करण्यात आलेला केंद्रीय कायदा जप्तीतील घराच्या खऱ्या भाडेकरूला किमान ९० दिवसांची पूर्वसूचना देतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये धनकोच्या संमतीविना ठेवलेल्या भाडेकरूला २०१० च्या कायद्यानुसार न्यायालयाकडून जास्तीत जास्त दोन महिन्यांची सवलत मिळू शकते. जर्मनीत घर विकले तरी भाडेकरार मोडत नाही, हे तत्त्व पक्के आहे; तरीही सक्तीच्या लिलावात घर घेणाऱ्याला करार मुदतीआधी संपवण्याचा खास अधिकार तेथेही दिलेला आहे.

तारखांचा हा खेळ किती बारीक असू शकतो हे दक्षिण कोरियात दिसले. तेथे मासिक भाड्याऐवजी फार मोठी ठेव देऊन घर भाड्याने घेण्याची पद्धत आहे. भाडेकरूने राहायला येऊन पत्ता नोंदवला की त्याचा हक्क दुसऱ्या दिवसापासून लागू होई, तर गहाणाची नोंद मात्र त्याच दिवशी परिणामकारक ठरे. या एका दिवसाच्या फटीत घर गहाण टाकणारे मालक निघाले. ठेवी बुडण्याचे प्रकार इतके वाढले की २०२३ मध्ये पीडित भाडेकरूंसाठी विशेष कायदा करावा लागला. यातून घ्यायचा व्यवहारी धडा असा की मालमत्तेच्या नोंदवहीचा उतारा करारापूर्वी पाहून भागत नाही. ताबा मिळाल्यानंतर तो पुन्हा एकदा काढावा, आणि अनामतीचा मोठा भाग शक्य असल्यास त्यानंतरच द्यावा.

भारतातील दोन बारकावे सहसा कोणी सांगत नाही. एक म्हणजे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५-अ नुसार गहाण ठेवणाऱ्याला इमारत भाडेपट्ट्याने देण्याचा जो अधिकार आहे तो तीन वर्षांपुरता आणि आगाऊ भाडे न घेण्याच्या अटीवर आहे; गहाणखतात याहून कडक अटीही असू शकतात. तेव्हा पाच वर्षांचा करार करून दोन वर्षांचे भाडे एकरकमी भरणाऱ्याला बँकेसमोर उभे राहणे कठीण जाते. दुसरे म्हणजे, लिव्ह अँड लायसन्स करार हा भाडेपट्टा नसून केवळ वापराची परवानगी असते, आणि घर दुसऱ्याकडे हस्तांतरित झाल्यास नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. कराराची नोंदणी केली म्हणून हा फरक नाहीसा होत नाही.

चौकशी कशी करावी

पहिला आधार म्हणजे मालमत्तेच्या नोंदी. मालक कोण आहे, घरावर कोणाचा बोजा आहे आणि तो केव्हापासून आहे, हे नोंदणी कार्यालयातील शोधातून कळते. भारतात तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतही शुल्क भरून शोध घेता येतो. या नोंदींतून कर्ज आहे हे समजते, ते थकले आहे की नाही हे समजत नाही. त्यासाठी मालकाकडून कर्जखात्याचा अलीकडचा उतारा आणि घर भाड्याने देण्यास धनकोची लेखी संमती मागावी. मागताना संकोच वाटतो हे खरे, परंतु ज्याचे हप्ते वेळेवर जात आहेत त्याला उतारा दाखवण्यात अडचण नसते, आणि जो या प्रश्नावर चिडतो त्याचे चिडणे हीसुद्धा माहितीच असते. संमतीचे पत्र मिळाले तर त्याचे मोल मालकाच्या शंभर तोंडी आश्वासनांपेक्षा अधिक आहे, कारण ते पत्र देणारा धनकोच उद्या ताबा मागायला येणार असतो.

मालमत्ता कर, वीज, पाणी आणि इमारतीचा देखभाल खर्च यांची शेवटची बिले पाहिल्यास आणखी बरेच उलगडते. पैशांची चणचण असलेला माणूस बहुधा बँकेच्या आधी ही देणी थकवतो, त्यामुळे तेथे दिसणारी मागील बाकी हा लवकर मिळणारा इशारा असतो. आसपासच्या घरांपेक्षा बरेच कमी भाडे, वर्षभराची रक्कम आजच देण्याचा आग्रह, पैसे तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यात टाकण्याची सूचना, करार नोंदवण्याची टाळाटाळ, यांपैकी एखादी गोष्ट योगायोगाने घडू शकते. दोन-तीन एकत्र दिसल्या तर ते घर सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचणीतला प्रत्येक मालक लबाड नसतो. घर वाचावे म्हणूनच पुष्कळ जण ते भाड्याने देतात, आणि अशा मालकाने परिस्थिती उघडपणे सांगितली तर दोघांच्याही सोयीचा व्यवहार होऊ शकतो: अनामत नाममात्र, भाडे दरमहा, आणि भाडेकरूला अल्प मुदतीच्या सूचनेवर निघण्याची मुभा.

करारात काय असावे

घरावरील सर्व कर्जांची आणि चालू कारवाईची माहिती मालकाने करारात लिहून द्यावी, धनकोची किंवा न्यायालयाची कोणतीही नोटीस आल्यास ठरावीक दिवसांत भाडेकरूला कळवावे, तसे घडल्यास भाडेकरूला दंडाविना करार संपवता यावा, आणि मालकाने थकवलेली वीज किंवा पाण्याची बाकी भाडेकरूने भरल्यास ती भाड्यातून वळती व्हावी, अशी कलमे घालावीत. मात्र त्यांच्यावर फार विसंबू नये. ही कलमे फक्त मालकाला बांधतात, बँकेला नाही. आणि ज्याच्याकडे पैसाच उरलेला नाही त्याच्याविरुद्ध अनामत परत मिळवण्याचा हक्क कागदावर कितीही भक्कम असला तरी हाती काही लागत नाही. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण खासगी भाडेकरारात अनामत ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते, आणि जर्मनीत ती मालकाच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवण्याचे बंधन आहे. जेथे अशी सोय नाही तेथे अनामत कमीत कमी ठेवणे हाच खरा बचाव आहे. भाडे थोडे वाढवून अनामत घटवता येत असेल तर ते मान्य करावे. महिन्याला जाणारा जादा पैसा दिसतो म्हणून बोचतो, पण बुडणारी ठेव त्याहून कितीतरी मोठी असते.

नोटीस आल्यानंतर

दारावर चिकटवलेल्या नोटिशीचे तारखेसह छायाचित्र घ्यावे. मालकाच्या नावाचे टपाल उघडू नये, परंतु ते त्याच्याकडे पोचवून तसे लेखी कळवावे. रागाच्या भरात भाडे थांबवणे ही या टप्प्यावर सर्वाधिक घडणारी चूक आहे. थकलेले भाडे हे भाडेकरूला बाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण ठरते आणि मग त्याची बाजू नाहक कमकुवत होते. धनकोने भाडे आपल्याकडे भरण्यास लेखी कळवले, तर त्याचा अधिकार दाखवणारी कागदपत्रे मागावीत आणि वकिलाकडून खात्री करून घ्यावी. सरफेसी कायद्याखाली योग्य सूचनेनुसार बँकेला भरलेले भाडे मालकाला भरल्यासारखेच धरले जाते. मालक आणि धनको दोघेही भाडे मागत असतील आणि निर्णय होत नसेल, तर ती रक्कम न्यायालयात जमा करण्याचा मार्ग वकिलाला विचारावा. उरलेले महिने अनामतीतून वळते करण्याचा मोह साहजिक आहे. तसे करायचे असेल तर मालकाची लेखी संमती घेऊनच करावे.

कारवाई सुरू झाल्यावर काही मालक भाडेकरूपुढे जुन्या तारखेचा करार सहीसाठी ठेवतात, म्हणजे भाडेकरू गहाणाच्या आधीपासून राहत असल्याचे भासावे आणि ताबा लांबावा. त्यावर सही कदापि करू नये. खोटा दस्तऐवज तयार करण्यात सहभागी होणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो उघडकीस आल्यावर तुमच्या खऱ्या करारावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आपला खरा करार, नोंदणीची पावती आणि भाड्याच्या बँक नोंदी यांच्या प्रती धनकोला स्वतःहून पाठवाव्यात आणि पुढे राहण्याची इच्छा आहे की मुदत मिळाल्यास निघण्याची तयारी आहे, ते स्पष्ट लिहावे. रिकामे घर लवकर हाती येणार असेल तर काही धनको आणि लिलावातील खरेदीदार सामान हलवण्याचा खर्च देण्यास तयार होतात, म्हणून बोलणी करून पाहण्यात काहीही गमावण्यासारखे नाही. मालक दिवाळखोरीत गेला असेल तर अनामतीचा दावा त्या प्रक्रियेतील अधिकाऱ्याकडे मुदतीत दाखल करावा. तारण असलेल्यांचे देणे भागल्यावरच तारण नसलेल्यांचा क्रम लागत असल्याने पूर्ण रक्कम मिळण्याची शक्यता कमी असते, तथापि मुदत चुकल्यास तीही उरत नाही. घर सोडताना मीटरचे आकडे आणि खोल्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि किल्ल्या त्या दिवशी ताब्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्यालाच देऊन, त्याच्या सही-तारखेची पोच घ्यावी.