पालकांबरोबर काम करायला गावात जाताना

समाजकार्याची पदवी घेऊन मी पहिल्यांदा राधानगरी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर गेले, तेव्हा माझ्या पिशवीत रंगीत प्लास्टिकच्या खेळण्यांचे सहा संच होते. तीन वर्षांखालच्या बाळांच्या घरी जायचं आणि आईला बाळाशी खेळायला शिकवायचं, एवढंच मला सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात एका घरी संच कुठं दिसेना. आजीनं ट्रंक उघडली. लग्नातल्या लुगड्याखाली तो प्लास्टिकच्या पिशवीसकट जपून ठेवलेला होता. "तुम्ही परत मागशिला. पोरानं मोडलं तर कुठनं भरून द्यायचं?"

परत येताना मला फार वाईट वाटलं. पण या कामातलं सगळ्यात मोठं शिक्षण मला त्याच आजीनं दिलं.

नंतर गेले तेव्हा आजी सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. दीड वर्षाचा नातू शेजारी. त्यानं एक अख्खी शेंग उचलून पत्र्याच्या डब्यात टाकली. खण्णकन आवाज आला आणि त्यानं आजीच्या तोंडाकडं बघितलं. "वाजलं व्हय रं? टाक आनी एक. आता मला दे." पोरगं खिदळलं, परत टाकली. दहा मिनिटं हेच चाललं होतं. चिमटीत पकडणं, सोडणं, आत-बाहेर, घे-दे, आपण काही केलं की समोरच्या माणसाकडून उत्तर येतं हा विश्वास. माझ्या पुस्तिकेतली चार पानं त्या डब्यात होती. मी फक्त म्हटलं, "आजी, रिकामा डबा कसा वाजतो आणि भरलेला कसा, ते पण दाखवा की त्याला." (सोललेले दाणे मात्र बाळाच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. हे प्रत्येक घरी सांगा.)

म्हणून नव्यानं येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे की सुरुवातीच्या चार-पाच भेटींत काहीही शिकवू नका. भाकरी थापताना, न्हाऊ घालताना, गुरांना वैरण टाकताना घरची माणसं बाळाशी काय बोलतात ते बघा. तिथंच एखादा शब्द, एखादा खेळ वाढवता येतो. वेगळा 'खेळाचा तास' काढायला सांगाल तर ती बाई मान डोलवेल आणि तुम्ही गेल्यावर विसरेल, कारण तिच्या दिवसात तो तास नसतो.

या विषयातला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास जमैकाचा आहे. 1986-87 मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली, वयाच्या मानानं उंची खुंटलेली 129 मुलं त्यात घेतली होती. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्याला तासभर जात आणि आईबरोबर बसून बाळाला खेळवत. खेळणी घरगुती, टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा, सरासरी 25 टक्क्यांनी जास्त निघाली. ज्यांना नुसता पूरक आहार दिला होता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. आहार लागतोच, पण बाळाशी बोलणारं माणूसही लागतं.

आता ऊसपट्ट्याचं. शिरोळ, हातकणंगले, कागल या भागात हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोपी पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरांची एक जोडी. दोघंही पहाटे अंधारात फडावर जातात. मी एकदा दुपारी तीनला पालकसभा ठेवली. आली कोण? नऊ-दहा वर्षांच्या तीन मुली, कडेवर भावंडं घेऊन. त्या बाळांचा दिवसभराचा पालक त्याच होत्या. त्यांना बाळाला कसं खेळवायचं हे सांगताना माझा जीव तुटत होता, कारण त्या शाळेत असायला हव्या होत्या. तिथं पालक-कार्यक्रमाच्या आधी शाळेशी आणि जवळच्या अंगणवाडीशी बोलावं लागतं, बाळाला तिथं ठेवता येतंय का ते बघावं लागतं. आई-बापांना भेटायचं तर संध्याकाळी चूल पेटल्यावर जा.

मी ज्या प्रकल्पात होते तिथं महिन्याला किती मेळावे झाले आणि किती फोटो आले, हेच मोजलं जाई. त्याला विरोध करण्याइतकी मी तेव्हा धीट नव्हते. पण स्वतःच्या वहीत वेगळं लिहायची: बाळानं काय केलं, घरच्यांनी काय उत्तर दिलं, पुढच्या वेळी काय बघायचं. ही वही तुम्हीही ठेवा. नऊ-दहा महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नसेल, हाकेला वळत नसेल, तर स्वतः निदान करत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, पण तोवर थांबू नका. अंगणवाडी सेविकेला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी सांगा.

सेविकेबद्दल जरा जास्त बोलते. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 पासून आहे. आपले प्रकल्प दोन-तीन वर्षांत निधी संपला की संपतात. गावात उरते ती सेविका. तिला न सांगता कुणाच्या उंबऱ्यावर जाऊ नका, आणि तुम्हाला जमलेली प्रत्येक गोष्ट तिच्या हातात देऊन या.

शिक्षणाचं म्हणाल तर समाजकार्य, गृहविज्ञान किंवा बालविकास यांतली पदवी उपयोगी पडते. सरकारी वाट हवी असेल तर मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका) आणि बालविकास प्रकल्प अधिकारी ही पदं स्पर्धा परीक्षेतून भरतात. संस्थांत पगार बेताचा, फिरती भरपूर. गगनबावड्याकडच्या पावसात दुपारनंतरची एसटी चुकली तर मुक्काम पडतो. हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि खोपींवर काम करणार असाल तर कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपून मजूर गावी परतायच्या, आधीची भेट चुकवू नका. त्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्डावर सेविकेकडून शेवटचं वजन लिहून घ्या, राहिलेल्या लसीवर खूण करा आणि कार्ड आईच्या हातात द्या. सामान बांधायची घाई असते. ते भांड्यांच्या पोत्यात न जाता तिच्या कनवटीच्या पिशवीत गेलंय, एवढं बघूनच निघा.