रस्ता का खचतो? भूभौतिक सर्वेक्षण करताना या चुका टाळा

वाळवा-मिरज पट्ट्यात नवा रस्ता दोन पावसाळ्यांतच लाटा धरतो, साईडपट्टीलगत लांबच लांब भेगा पडतात. शिव्या ठेकेदाराला बसतात. कधी कधी त्या रास्तही असतात. पण खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यापुढे वरचं डांबर फार काळ टिकत नाही.

कारण शोधायला बहुतेक जण जीपीआर (जमिनीत रेडिओलहरी सोडून खालचे थर टिपणारं रडार) मागवतात, कारण तो गाडीमागे ओढला की काम झालं. डांबर-खडीच्या थरांची जाडी तो चांगली सांगतो. ओली चिकणमाती मात्र त्याच्या लहरी शोषून घेते, मग मीटरभर खालचंही धड दिसत नाही. ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल आला, तर लहरी किती खोल पोचल्या ते आधी विचारा.

मातीसाठी रेझिस्टिव्हिटी बरी, म्हणजे जमिनीत खुंट्या (इलेक्ट्रोड) रोवून माती विजेला किती विरोध करते ते मोजणं. पण इलेक्ट्रोडच्या रांगेची लांबी जितकी, त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकंच खोल दिसतं. आखूड रांग टाकून खडक शोधू नये. ओल्या काळ्या मातीचा आकडा 10 ओहम-मीटरच्या आसपास किंवा खाली येतो, अभंग बेसॉल्टचा शेकड्यांत. कृष्णाकाठची खरी गोम क्षारपड जमिनीत आहे: क्षारांमुळेही आकडा पडतो. नकाशावरचा निळा, म्हणजे कमी आकड्याचा, पट्टा पाहून ‘इथे पाणी साचलंय’ म्हणू नका. त्याच जागी चाचणी खड्डा घ्या, ओलावा आणि फुगवटा प्रयोगशाळेत तपासा.

मोजणीची रेघ फक्त रस्त्याच्या मधून मारणं ही तर नेहमीचीच चूक. आडव्या रेघा साईडपट्टी ओलांडून उसाच्या सरीपर्यंत न्या. एका बाजूला बारमाही पाणी आणि दुसरीकडे कोरडवाहू रान असेल, तर भेगेचं कारण तिथेच सापडण्याची शक्यता मोठी. मोजणीही मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा व्हावी. निधी मार्चअखेर संपवायचा असतो म्हणून ती फेब्रुवारीत एकदाच उरकली जाते, हे दुर्दैव.

साताऱ्याकडे, पाटण-महाबळेश्वरच्या पठारांवर, फसवणूक वेगळी. वर कडक जांभा, खाली मऊ चिकण थर. कंपनलहरींच्या अपवर्तन पद्धतीला, लहरी वेगाने जातात अशा कडक थराखालचा मंद थर दिसतच नाही आणि जांभाच खडक समजला जातो. तिथे पृष्ठलहरींची एमएएसडब्ल्यू पद्धत वापरा, शिवाय निदान एक बोअर घ्या. घाटात रेघ उताराच्या दिशेने हवी, म्हणजे पाणी कुठून झिरपतं ते कळतं. त्याआधी डोंगराकडचं गटार तुंबलंय का, ते चालत जाऊन बघा. त्याला यंत्र लागत नाही.